हातचा कुठे गेला?

"सत्तेचाळीस आणि अडतीस?"

तिसरीचा वर्ग, तोंडी गणिताचा तास. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा पोरगा उभा राहतो, डोळे छताला लावतो, ओठ हलवतो. सात आणि आठ पंधरा, पाच ठेवले, हातचा एक. इथपर्यंत मला त्याच्या ओठांवरून सगळं वाचता येतं आणि सगळं बरोबर असतं. तेवढ्यात खाली सिग्नल सुटतो, टेम्पो रेस होतो, याची नजर खिडकीकडे जाते, परत माझ्याकडे येते, आणि उत्तर येतं, "पंच्याहत्तर."

हातचा पडला.

रीत त्याला येते, पाढे चोख आहेत. वहीत हातचा डोक्यावर लिहून केलं तर गणित हमखास बरोबर येतं. डोक्यात धरायचा म्हटलं की वाटेत कुठेतरी सांडतो. मग मी म्हणायची, "लक्ष कुठंय तुझं?" एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही. लक्ष कुठे आहे हे मात्र त्या काळात मी एकदाही खरोखर शोधायला गेले नाही. हा लेख त्या शोधाचा आहे आणि तो उशिरा सुरू झाला, हे आधीच सांगून टाकते.

आमची शाळा पुण्याच्या दक्षिण भागात, एका मोठ्या चौकाला अगदी खेटून. लांबट दुमजली इमारत. एका अंगाच्या खोल्यांना रस्ता, दुसऱ्या अंगाच्या खोल्यांना मागचं मैदान. रस्त्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग. मैदानाकडे ऑफिस, संगणक कक्ष, आणि एक भांडारखोली: त्यात मोडके बाक, गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट, वापरातून गेलेले लाकडी फळे, आणि भिंतीवर कुठल्याशा निवडणुकीतला मतदान केंद्राचा क्रमांक. म्हणजे शाळेतली सगळ्यात शांत आणि हवेशीर जागा मुकुटांना दिलेली. मलाही यात काही वावगं वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं तसंच होतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला भाऊ आला, त्याच्याबरोबर भाचा. तो चाकणकडे सेन्सरच्या कामात आहे. "आत्या, ही तुला ओवाळणी," म्हणून त्यानं माझ्या हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र ठेवलं. हवेतली बारीक धूळ मोजणारं. हवा बरी असली की हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. मी आधी घरातच खेळून पाहिलं. उदबत्ती लावली, लाल. डास पळवायची कॉइल लावली, तर दिवा हिरव्यावर यायला रात्रभर तयार नाही. अमेरिका आणि मलेशियातल्या अभ्यासकांनी २००३ मध्ये छापलेल्या मोजणीत एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींइतकी भरली होती, हे भाच्यानं सांगितलं. घरातली कॉइल त्या दिवशीच गेली. माळ्यावर उरलेल्या फटाक्यांत नागगोळ्यांची डबी होती, तीही गेली. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून लहान पोरांना आपण ज्या बिनधास्त देतो त्याच त्या. पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये सहा फटाक्यांचा धूर मोजला, त्यात नागगोळीचा नंबर सगळ्यात वर आला होता.

मग यंत्र पर्समध्ये टाकून शाळेत नेलं.

मला वाटत होतं, दिवसभर लालच असणार. तसं झालं नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी पडलं. दिवसात तीन वेळा दिवा लाल व्हायचा. सकाळी व्हॅनवाले काका फाटकासमोर रांग लावून इंजिन चालू ठेवतात तेव्हा. दुपारी सकाळची शाळा सुटून दुपारची भरते तेव्हा, म्हणजे व्हॅन दुप्पट. आणि तिसरी वेळ मी स्वतः घडवत होते: पहिल्या तासाआधी दोन मुलं खराटा घेऊन वर्ग झाडायची. कोरडा झाडू, फळ्याखालचा खडूचा भुगा, रात्रभर खिडकीतून येऊन बसलेली रस्त्याची धूळ, हे सगळं उडवायचं आणि त्याच ढगात "प्रार्थनेला उभे राहा". झाडलोटीची पाळी हा मूल्यशिक्षणाचा भाग म्हणून मी कौतुकानं फलकावर लावत असे.

आणखी एक गोष्ट कळली. गर्दीच्या वेळी खिडक्या बंद करायच्या हे कोणीही सांगेल. पण गर्दी ओसरल्यावर त्या उघडल्या नाहीत, तर आत शिरलेली घाण हवा चाळीस पोरांबरोबर तासन्‌तास आतच बसते. उघडल्यावर दिवा दहा-पंधरा मिनिटांत पिवळ्यावर यायचा.

भाच्यानं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं की या यंत्रावर फार विसंबू नकोस. धुक्याच्या सकाळी ते पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतं. आणि गाडीच्या नळीतून नुकतीच निघालेली जी अतिसूक्ष्म काजळी असते, ती याला दिसतच नाही. हे यंत्र मोजतं ती बारीक धूळ म्हणजे पीएम २.५, तिचा मोठ्यात मोठा कण केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. ताज्या काजळीचे कण त्याहूनही पंचवीसपट किंवा जास्तच लहान. म्हणजे दिवा हिरवा असताना खिडकीत काहीच येत नाही असं नाही.

हिवाळ्यात तर बोलायलाच नको. डोंगरांच्या कुशीत वसलेलं शहर, रात्री जमिनीलगत थंड हवा साचते, वर उबदार थर, झाकण घातल्यासारखा. धूर वर जाऊ शकत नाही. त्यात पहाटे वॉचमन पालापाचोळा पेटवून शेकत बसलेले. गंमत अशी की देशातल्या शहरांची हवा सांगणारी 'सफर' यंत्रणा ज्या संस्थेची, ती उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आपल्याच पाषाणला. आपल्या शहरातून देशाला हवा कळते आणि आपण मॉर्निंग वॉकला निघतो.

यानंतर मी वाचायला लागले. मोबाइलवर, रात्री, चष्मा कपाळावर सरकवून.

बार्सिलोनात २०१२-१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी ३९ शाळांतली ७ ते १० वर्षांची २,७१५ मुलं निवडली. माझ्याच वर्गाएवढी मुलं. शाळांच्या अंगणातली आणि वर्गातली हवा मोजली. वाहनांचा धूर जास्त असलेली शाळा आणि कमी असलेली शाळा यांच्या जोड्या लावताना त्या भागांची आर्थिक परिस्थिती सारखी राहील हे पाहिलं. वर्षभरात चार वेळा त्या मुलांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर एकामागून एक आकडे येतात. आत्ताचा आकडा दोन घरं मागच्या आकड्यासारखा असेल तर बटण दाबायचं. म्हणजे समोरचं पाहायचं आणि मागचं धरून ठेवायचं, एकाच वेळी.

हे वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. हा तर हातचा!

मानसशास्त्राच्या पुस्तकात याला कार्यकारी स्मृती की काहीतरी भारदस्त नाव आहे. आपल्याकडे पहिलीपासून त्याला हातचा म्हणतात. काम चालू असताना एक गोष्ट मुठीत धरून ठेवायची आणि नेमक्या वेळी सोडायची. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात लक्षात ठेवणं हाही हातचाच. "वही काढ, मागच्या पानावर तारीख टाक, आणि तिसरं गणित कर" या सूचनेतल्या तीन गोष्टींपैकी तीनही करणं हाही. मराठी मुलांना तर हातचा इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त लागतो, कारण आपण सत्तेचाळीस म्हणताना आधी सात बोलतो आणि लिहिताना आधी चार लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा स्टाफरूममध्ये तावातावानं विरोधात बोलले होते. आता तेवढा आवाज चढणार नाही.

तर बार्सिलोना. एका वर्षात या धरून ठेवण्याच्या ताकदीत स्वच्छ हवेच्या शाळांतली मुलं ११.५ टक्क्यांनी पुढे गेली. धुराच्या शाळांतली ७.४ टक्क्यांनी. जॉर्डी सुन्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. हा आकडा नीट वाचायला हवा. धुरातली मुलं मठ्ठ झाली असं त्यात कुठेही नाही. तीही वाढली, पण सावकाश. वर्गात बसून हे दिसणं अशक्य आहे. माझ्यासमोर चाळीसच्या चाळीस एकाच खोलीत, एकाच खिडकीखाली. सगळ्यांचाच हातचा थोडा उशिरा पिकत असेल, तर मी तुलना कोणाशी करणार? आणि अभ्यास म्हणजे काही खटला नव्हे. धूर नि सावकाश वाढ बरोबर दिसली म्हणजे दुसरं कुठलंच कारण नाही असं म्हणता येत नाही. आमच्या त्या पोराचे वडील टेम्पो चालवतात, घर एका खोलीचं, तेही चौकातच, रात्री अकरापर्यंत टीव्ही. मी सगळं खिडकीवर ढकलणार नाही.

पण धूर मेंदूपर्यंत पोचतो कसा, हे कळल्यावर मला खिडकीही मोकळी सोडवेना. बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि शरीरभर एक मंद दाह पेटता ठेवतात. काही कण नाकातल्या वास घेणाऱ्या नसेच्या वाटेनं थेट वर जातात असंही मानलं जातं. लँकेस्टरच्या बार्बरा माहर यांनी २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या नमुन्यांत लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म गुळगुळीत गोळे दाखवले. तसा आकार प्रचंड उष्णतेत वितळून थिजल्यावरच येतो. आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूत नसांवरची आवरणं अजून चढतायत, वायरिंगचं काम चालू आहे. त्यात मूल आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, वजनाच्या मानानं जास्त हवा ओढतं, आणि त्याचं नाक आपल्यापेक्षा गाड्यांच्या नळीच्या जास्त जवळ.

वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र धुराबद्दलचं नव्हतंच. शिशाबद्दलचं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. देशभरात ते बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपण कौलावर फेकतो आणि उंदराकडे नवा दात मागतो, ते दात. त्यातलं शिसं मोजलं. आणि त्या मुलांच्या शिक्षकांना साधे प्रश्न विचारले: मुलाचं लक्ष चटकन उडतं का? सांगितलेल्या सूचना पाळता येतात का? काम अर्धवट सोडतो का? कोणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. १९७९ मध्ये निकाल आला. दातातलं शिसं जसं वाढत गेलं, तसे शिक्षकांचे वाईट शेरे वाढत गेले.

बायांनो, म्हणजे त्या शिक्षिका न कळत शिसंच मोजत होत्या. प्रगतिपुस्तकात.

आमच्याकडे वर्णनात्मक नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, आणि 'सुधारणा आवश्यक'. या तिसऱ्या रकान्यात मी वर्षानुवर्षं लिहीत आले: लक्ष विचलित होते. सूचना विसरतो. एकाग्रता वाढवणे आवश्यक. चाळीस नोंदी संध्याकाळी सातच्या आत भरायच्या असतात, मग अशी वाक्यं हाताला पाठ होतात. त्या पोराच्या नोंदीतही तेच आहे, माझ्या सुवाच्य अक्षरात. त्याच्या आईनं ते वाचून घेऊन त्याला मारलं असणार. तिनं तसं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघत नव्हता.

असो. मग मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, भांडारखोली रस्त्याकडे न्या आणि एक वर्ग मैदानाकडे आणा. मुकुटांना धुराचा त्रास होत नाही. त्या हसल्या. वाईट नाहीत त्या, पण त्यांच्यापुढे सरल पोर्टल, पोषण आहाराच्या नोंदी आणि गळका नळ असतो. "संस्थेला विचारावं लागेल" म्हणाल्या. संस्थेचं उत्तर आलं की ऑफिससमोर मुलांचा गोंगाट नको.

त्यावर मी न्यूयॉर्कची गोष्ट छापून नेली. तिथल्या एका शाळेच्या एका बाजूच्या वर्गांना लागून लोखंडी पुलावरची रेल्वे जायची, दुसरी बाजू शांत. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन ताडून पाहिलं. सहावीपर्यंत रेल्वेकडची मुलं जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ मध्ये पाहिलं तर फरक उरला नव्हता. तिथे प्रश्न आवाजाचा होता, आपल्याकडे एकाच खिडकीतून आवाज आणि धूर दोन्ही येतात. कागद वाचून संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "ही अमेरिकेतली शाळा आहे ना?" मी हो म्हटलं. विषय संपला.

काम झालं ते वेगळ्याच वाटेनं. पहिलीच्या बाईंना सातवा महिना होता आणि त्यांचा वर्ग रस्त्याकडचा. मी त्यांच्याबद्दल बोलले. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका परेरा यांनी न्यूयॉर्कमधल्या गरोदर बायांच्या पाठीवर हवा मोजणारी पिशवी दोन दिवस दिली होती. ज्यांच्या श्वासात जळक्या इंधनातली घातक रसायनं जास्त, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक पाचव्या वर्षी चारेक गुणांनी कमी भरला, हे २००९ मध्ये छापून आलं. हे ऐकल्याबरोबर मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. आठवड्यात भांडारखोली रिकामी झाली, शिपाईमामांनी मुकुट वरच्या मजल्यावर नेले, पहिलीचा वर्ग मैदानाकडे गेला. पोटातल्या एका बाळाचं लगेच पटतं. बाकावरच्या चाळीसांचं पटायला वेळ लागतो. मी तक्रार करत नाही, एक तरी वर्ग हलला.

तिसरी अजून रस्त्याकडेच आहे. जमलं ते केलं. कोरडा झाडू बंद. शाळा सुटल्यावर मावशी ओल्या फडक्यानं पुसतात, त्यासाठी बादली मी आणली. परिपाठ फाटकाजवळ होत असे तो मागच्या मैदानावर नेला. तोंडी गणित पहिल्या तासाला असायचं, ते व्हॅनची रांग ओसरल्यावर घेते. व्हॅनवाल्या काकांना हात जोडून सांगितलं, चहाला उतरताय तर किल्ली फिरवा. निम्म्यांनी ऐकलं. एकजण म्हणाले, "बाई, आम्ही दिवसभर तेच खातो, आम्हाला काय झालं?" याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. त्यांचाच मुलगा आमच्याकडे दुसरीत आहे.

आपल्या देशाची वर्षभराची मर्यादा पीएम २.५ साठी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली खाली आणून ५ केली. या ४० आणि ५ मध्ये आपली पोरं पाढे म्हणतायत.

तो पोरगा आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत. परवा चौकात वडिलांच्या टेम्पोत पुढे बसलेला दिसला, हात हलवला त्यानं. गणित कसं चाललंय हे सिग्नल सुटायच्या आत विचारता आलं नाही.

या सत्राच्या नोंदी लिहायला बसले तेव्हा खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीपाशी थांबले. यंदा तिथे मुलगी बसते. तिचाही हातचा पडतो. हात सवयीनं 'लक्ष विच' एवढं लिहून मोकळाही झाला होता. ते खोडलं आणि 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात लिहिलं: खिडकी रस्त्याकडे आहे.

मोठ्या बाईंनी त्याभोवती पेन्सिलनं गोल करून, शेजारी प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली आहे. अजून माझ्याच टेबलावर आहे.